न्यूजरीलमधले सहा सेकंद

आमच्या नारायण पेठेतल्या घरात सिनेमा हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. आई त्याला नुसतं ‘ते’ म्हणायची. “भाऊजी ते घेऊन बेळगावला गेलेत,” असं. ‘ते’ म्हणजे रिळांच्या पत्र्याच्या पेट्या. माझा काका, वडिलांचा धाकटा भाऊ, सिनेमे पुरवणाऱ्या एका कचेरीत नोकरीला होता. पेट्या एस.टी.च्या टपावर चढवायच्या, गावोगावच्या थेटरांत पोचवायच्या, खेळ संपेपर्यंत तिथं मुक्काम करायचा आणि पेट्या सुखरूप परत आणायच्या, हे त्याचं काम. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कारकून. त्यांची नोकरी चारचौघांत सांगण्याजोगी होती, काकाची नव्हती, एवढाच काय तो फरक. बाकी दोघे भाऊ सकाळी एकाच तांब्यातलं पाणी पिऊन आणि एकाच डब्यातल्या पोळ्या वाटून घेऊन बाहेर पडायचे.

हा काका एकदा पेट्या घेऊन गोव्याला गेला आणि परत आल्यावर आईला म्हणाला की मला मुलगी पसंत आहे. मुलगी कोण, तर म्हापशाजवळच्या एका थेटरवाल्याची. त्या वेळी गोवा पोर्तुगीजांचा होता. आमच्या शाळेतल्या नकाशात तेवढा नखाएवढा तुकडा वेगळ्या रंगात असायचा आणि बाई त्यावर पट्टी टेकवून पुढं सरकायच्या. त्या तुकड्यात माणसं राहतात, त्यांना मुली असतात आणि त्यातली एखादी आपली काकू होऊ शकते, हे मला फार विलक्षण वाटलं होतं. आईला ते तसं वाटलं नाही. तिनं एवढंच विचारलं, “मासे खातात ना ते?” काका म्हणाला, खातात. आई म्हणाली, “मग पुण्यात तिचं पोट कसं भरायचं?” विरोध करण्याची ही तिची रीत होती. पण लग्न झालं. काकू दोन ट्रंका आणि नारळ खवायची भली मोठी विळी घेऊन आमच्या अडीच खोल्यांत राहायला आली. मी तेव्हा आठ वर्षांची असेन.

काकू ठेंगणी, सावळी, चालायला भारी चपळ. तिचं मराठी आमच्यासारखंच छापील होतं, कारण तिकडे त्यांची शाळा मराठीच होती, पण वाक्याच्या शेवटाला ते किंचित वर जायचं, झोपाळा वर जावा तसं. तिच्या येण्यानं घरातले वास बदलले. कोकमं भिजायला लागली, ओला नारळ वाटला जायला लागला. आई पहिल्याच आठवड्यात म्हणाली, “आमटीत नारळ घालायचा असतो बाई, नारळात आमटी नव्हे.” काकू हसली आणि दुसऱ्या दिवशी अर्धाच नारळ घेतला. मासे मात्र तिनं कुणी न सांगताच सोडले. ते आईच्या लक्षात यायला बरेच महिने लागले. एके दिवशी तिनं आडून आडून विचारलं, तेव्हा काकू म्हणाली, “वहिनी, सोडले नाहीत. थांबवलेत.” आईला हे उत्तर आवडलं असावं, कारण त्यानंतर आमटीतला नारळ पुन्हा हळूहळू वाढला आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

काकूची खरी ओळख मला झाली ती मात्र शिवणयंत्रामुळं. आमच्या खालच्या दुकानात एक शिंपी बसायचा. त्याचं यंत्र दिवसभर घरघरायचं. एकदा तांदूळ निवडता निवडता काकू थबकली, कान देऊन म्हणाली, “याचा पट्टा सैल झालाय.” मी जिना उतरून विचारून आले, तर खरंच सैल झाला होता. तेव्हा तिनं सांगितलं की ती बारा वर्षांची असल्यापासून वडिलांच्या थेटरात सिनेमाचं मशीन चालवत होती. रीळ चढवणं, मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या जुळवणं, तुटलेली फीत खरवडून सोल्यूशननं जोडणं, सगळं तिला येत होतं. ऑपरेटर दारू पिऊन पडला की तीच खेळ करायची. गावाला ठाऊक होतं. थेटर म्हणजे पत्र्याची मोठी शेड आणि त्यातले लाकडी बाक. पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजात संवाद ऐकू येत नसत, म्हणून लोक दोनदा यायचे, असं ती सांगायची.

गोव्यातला सिनेमा कसा असतो, हे मी तिच्याकडून इतक्या वेळा ऐकलं की मी तो पाहिलाच होता असं मला अजून वाटतं. मुंबईहून किंवा आमच्या पुण्याहून चित्रपट गेला की तो आधी पोर्तुगीज अधिकाऱ्यापुढे चालवायचा. अख्ख्या रिकाम्या शेडमध्ये तो आणि त्याचा दुभाषा एवढेच खुर्च्या टाकून बसायचे. पडद्यावर तिरंगा आला, हिंदुस्थानचा नकाशा आला, कुणी जय हिंद म्हणालं, की अधिकारी काठी आपटायचा. तेवढा तुकडा कापून त्याच्या हातात द्यायचा. आणि लोकांच्या खेळाआधी लिस्बनहून आलेली बातम्यांची फिल्म दाखवायची सक्ती. तिच्यात जहाजं, कवायती, टोप्या घातलेले मंत्री, आणि एक भारदस्त आवाज सांगायचा की गोवा ही वसाहत नव्हेच, तो समुद्रापलीकडचा पोर्तुगालच आहे. मी विचारलं, “मग लोक काय करायचे?”

“खोकायचे,” काकू म्हणाली.

सगळं थेटर एकदम खोकायचं. म्हातारे खोकायचे, बायका पदर लावून खोकायच्या, लहान मुलांना तर त्याचीच मजा. जहाज बंदराला लागेपर्यंत खोकला चालायचा आणि मुख्य चित्रपट सुरू झाला की थांबायचा. खोकल्यावर बंदी घालणारा कायदा कुठल्याच सरकारकडे नसतो. आपण कोण आहोत हे भाषणात सांगायची सोय नसलेल्या माणसांनी ते असं सांगितलं, हे मला आज कळतं. तेव्हा मी नुसती हसले होते आणि आईनं आतून विचारलं होतं, इतकं काय झालंय खिदळायला.

लग्नानंतर दोन वर्षं काका तिकडे पेट्या नेत राहिला, त्यामुळं काकूला माहेरची खबर मिळायची. मग एक पेटी परत आलीच नाही. त्या चित्रपटात एक शाळकरी मुलगी झेंडावंदनाला तिरंग्याची दोरी ओढते, असं दृश्य होतं. अधिकाऱ्यानं काठी आपटली. पण त्या दिवशी तो घाईत होता. तुकडा सकाळी चौकीवर आणून द्या म्हणाला आणि निघून गेला. काका पेटी बाबांच्या हवाली करून दुसऱ्या गावची वसुली करायला गेला. बाबा म्हणजे काकूचे वडील. बाबांनी तुकडा कापला होता तो परत जोडला आणि संध्याकाळच्या खेळाला पूर्ण चित्रपट दाखवला. झेंडा वर चढताना थेटरात कुणी खोकलं नाही. सगळे उभे राहिले, म्हणे. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी बाबांना नेलं आणि थेटरला सील ठोकलं. काका आडवाटेनं सावंतवाडीला निसटला म्हणून वाचला. त्याच सुमारास सरहद्द बंद झाली. गाड्या थांबल्या, एस.टी. थांबली. काका सुरुवातीला म्हणायचा, माझी पेटी नसती तर हे झालं नसतं. काकू त्याला म्हणायची, तुमची पेटी नसती तर मी तरी इथं कुठं असते.

सहा वर्षांहून जास्त काळ बाबांच्या हातचं एक अक्षर आलं नाही. उडत्या बातम्या यायच्या. कुणी म्हणे सुटले, कुणी म्हणे आफ्रिकेला धाडले, कुणी म्हणे गेले. काकू दर महिन्याला मुंबईच्या एका नातेवाइकाच्या पत्त्यावर पत्र टाकायची, पुढं ते कुठं जायचं कोण जाणे. बाबांच्या नावानं सुतकाची आंघोळ करावी की नाही हे ठरत नाही, असं ती एकदा आईला म्हणाल्याचं मी ऐकलं. आई म्हणाली, “कागद येईपर्यंत माणूस आहे असंच धरायचं.” आणि तिच्या ताटात तिनं भात वाढला. आईला प्रेम दाखवायचा दुसरा मार्ग माहीत नव्हता.

मग पानशेतचं धरण फुटलं. त्या पुराबद्दल मी वेगळं लिहिणार नाही. ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी पर्वतीच्या बाजूला पळालो, पुढं तीन महिने वडिलांच्या एका सोबत्याच्या खडकीच्या क्वार्टरमध्ये काढले आणि परत आलो तेव्हा आमच्या खोल्यांत गुडघाभर चिखल होता. काकूची एक ट्रंक गेली. तिच्यात बाबांचा एकुलता एक फोटो होता. आईची भांडी गेली, वडिलांची पुस्तकं गेली, त्यांचा शोक त्यांनी केला. काकू त्या फोटोबद्दल काही बोलली नाही. फक्त काही दिवसांनी मला म्हणाली, “रोहिणी, मला बाबांचा चेहरा आठवायला बसावं लागतं गो. पूर्वी नुसता यायचा.”

त्याच वर्षाच्या थंडीत आपलं सैन्य गोव्यात शिरलं. दीड दिवसात सगळं आटोपलं. आमच्या गल्लीत पेढे वाटले, शाळेला सुट्टी मिळाली. काकू पेढा हातात धरून दिवसभर रेडिओपाशी बसली. रेडिओ देशाबद्दल सांगत होता. तिला एका माणसाबद्दल ऐकायचं होतं. काकानं तारा केल्या, पत्रं पाठवली. तिकडे पूल उडवलेले, टपाल विस्कळीत, काही उत्तर येईना. अशात एका दुपारी काका कचेरीतून धावत घरी आला आणि म्हणाला की सरकारी न्यूजरील आलंय, त्यात गोवा आहे, म्हापशाच्या आसपासचा भाग आहे, तीनच्या खेळाला चल. त्याला स्वतःला पेट्या घेऊन साताऱ्याला जायचं होतं. म्हणून काकूबरोबर मी गेले. तेव्हा मी सोळा वर्षांची होते, मॅट्रिकच्या वर्गात.

थेटर कॅम्पाच्या वाटेवरचं, पुरातून वाचलेलं. त्या काळी मुख्य चित्रपटाआधी सरकारी न्यूजरील असायचंच आणि लोक ते संपेपर्यंत बाहेर शेंगदाणे खात उभे राहायचे. त्या दिवशी मात्र सगळे आत होते. दिवे गेले. जीपगाड्या आल्या, पडलेला पूल आला, फुलं टाकणाऱ्या बायका आल्या. टाळ्या पडत होत्या. माझ्या मागचा कुणी म्हातारा म्हणाला, “चारशे वर्षं बसले होते, उठायला दीड दिवस लागला.” मग एका बाजाराचा रस्ता आला. दुतर्फा गर्दी, मधून जीप जातेय आणि गर्दीच्या मागं एक पत्र्याची शेड. काकूनं माझं मनगट धरलं. बांगड्या हातात रुतल्या. पडद्यावर तोवर दुसरंच काही आलं होतं, कुणीतरी कागदावर सही करत होतं. ती अगदी हळू म्हणाली, “मागं घ्या.” कुणाला म्हणाली कोण जाणे. मुख्य चित्रपटाची नावं सुरू झाली तशी ती उठली आणि माणसांचे पाय तुडवत बाहेर पडली. मी तिच्या मागं.

केबिनला जायचा लोखंडी जिना मागच्या अंगाला होता. वर दार उघडं टाकून ऑपरेटर स्टुलावर बसला होता. त्यांचं नाव मुनीरभाई, हे पुढं बोलण्यात कळलं. साठीचा माणूस, पांढरी दाढी, घराणं पिढ्यान् पिढ्या पुण्यातलं आणि बोलणं आमच्या पेठेला शोभेल असं. ते म्हणाले, “बाई, इथं बायकांना यायला मनाई आहे.”

काकू म्हणाली, “कुठं लिहिलंय?”

“लिहिलेलं नाही. आजवर कुणी आलंच नाही.”

काकूनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती मशीनकडे बघत होती. म्हणाली, “तुमची कांडी संपत आलीय. पडद्यावर उजेड पिवळा पडला असेल.” मुनीरभाईंनी भिंतीतल्या भोकातून पडद्याकडे पाहिलं, चटकन उठले आणि कांडी सारखी केली. मग स्टूल तिच्याकडे सरकवून म्हणाले, “बसा. काय काम आहे?”

तिनं सगळं सांगितलं. चार-पाच वाक्यांत, न रडता. ते म्हणाले, न्यूजरील पुन्हा पडद्यावर लावता येणार नाही, मालक घरी बसवेल. पण रीळ इथं टेबलावर आहे, गुंडाळायचं यंत्र आहे, दिवा आहे. तुम्हाला हात लावता येतो असं दिसतंय. बघा.

मी आत्ता हे लिहितेय ते धायरीला मुलाच्या घरात. शेजारी माझा नातू फोनवर काहीतरी पाहतोय आणि बोट टेकवून हवं तिथं चित्र थांबवतोय. त्याला मी सांगितलं की तेव्हा चित्र थांबवता येत नसे, कार्बनच्या उजेडापुढं फीत थांबली तर जळून जायची, तेव्हा तो म्हणाला, मग आजी, नीट बघायचं असेल तर? नीट बघायचं असेल तर असं बघायचं: काकूनं साडीच्या पदराला हात पुसले, फीत दोन्ही कडांना बोटांनी धरली आणि दिव्यापुढून सरकवायला लागली. एका सेकंदाला चोवीस चित्रं. नखापेक्षा जरा मोठी, एकामागं एक, प्रत्येकात जग केसभर पुढं गेलेलं. बाजाराचा रस्ता सापडला. मुनीरभाईंनी भिंग दिलं. काकू कितीतरी वेळ वाकून होती. मग म्हणाली, “हा पेद्रू. आमचा दारावरचा पेद्रू.” आणखी थोड्या वेळानं, “आणि हे बाबा.”

तिनं भिंग मला दिलं. शेडच्या दाराशी एक धिप्पाड माणूस होता आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून एक उंच, वाळलेले म्हातारे उभे होते. काळा कोट, डोकं उघडं. ते जिवंत होते. सहा वर्षं ज्यांच्या आठवणीनं काकूच्या ताटातला भात तसाच राहायचा, ते मला माझ्या नखाएवढ्या चित्रात उभे दिसत होते. काकूनं मला फीत सरकवायला सांगितली आणि तिनं भिंतीला टेकून डोळे मिटले. मी एकेक चित्र पाहत गेले. जीप डावीकडून आत येते. गर्दीतली सगळी डोकी डावीकडे आहेत. जीप मध्यावर येते, डोकी समोर येतात. जीप उजवीकडे जाते, सगळी डोकी हळूहळू उजवीकडे वळतात, वाऱ्यानं जोंधळा कलावा तशी. पेद्रूचंही वळतं. म्हाताऱ्यांचं वळत नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. मग सांगावं की नाही असं वाटलं, पण सांगितलं.

“काकू, आजोबा जीपकडे बघत नाहीयेत.”

ती आली. तिनं सगळी दीडशे-एक चित्रं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, एकही न गाळता. मुनीरभाईंनी तेवढ्यात दुसऱ्या मशीनवर रीळ बदललं आणि आवाज न करता परत आले. काकू सरळ उभी राहिली आणि म्हणाली, “बाबांना दिसत नाही, रोहिणी.”

खाली कुणी गाणं म्हणत होतं, लोक हसत होते. मग मुनीरभाईंनी खणातून कात्री काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, “दोन चित्रं घ्या कापून. फीत तुटते, आम्ही जोडतो, रोजचंच आहे. कुणाला समजायचं नाही. फोटो म्हणून राहील तुमच्याकडे.”

काकूनं कात्रीकडे पाहिलं. तिला ती किती हवी होती, हे मी तिच्या हातांवरून सांगू शकत होते. बोटं टेबलाच्या कडेवर आवळलेली होती. बाबांचा दुसरा फोटो जगात कुठं नव्हता. ती म्हणाली, “नको मुनीरभाई. कापलेलं मी जन्मभर पाहिलं. हे कुणी कापलेलं नाही. असंच सगळीकडे जाऊ दे.” तिनं रीळ व्यवस्थित गुंडाळलं, टोक चिकटवलं, डब्याचं झाकण लावलं आणि जिना उतरायला लागली. मुनीरभाई मला हळूच म्हणाले, “बेटा, आठवडाभर आहे हे रीळ इथं. बाईंना म्हणावं, रोज या.”

माझ्या आयुष्यात मी धाडसी म्हणावीत अशी माणसं बरीच पाहिली. काही मिरवणुकीत होती, काहींचे पुढं पुतळे झाले. पण समोर कात्री ठेवलेली असताना, बाहेरचं कुणी बघत नसताना आणि मन तुटत असताना तिला हात न लावणारी बाई मी एकच पाहिली.

घरी आल्यावर काकूनं आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती, तिचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून ती म्हणाली, “मग कधी निघताय?” काकू म्हणाली, तुम्ही म्हणाल तेव्हा. आई म्हणाली, “पोर्तुगीज गेले. आता मी कशाला अडवू?” आणि तव्यावरची भाकरी उलटली. पण गंमत पुढंच आहे. रविवारी आईनं नवं लुगडं नेसलं आणि वडिलांना म्हणाली, चला. ती दोघं तीनच्या खेळाला गेली. न्यूजरील संपलं आणि मुख्य चित्रपट सुरू झाला तशी आई उठून बाहेर आली. घरी येऊन म्हणाली, “उंच आहेत हो व्याही.” आईनं आयुष्यात पाहिलेला सिनेमा तेवढाच.

परवाना मिळवून काका-काकू महिन्याभरात गेली. तुटलेल्या पुलांच्या जागी होड्यांनी नद्या ओलांडत गेली. पुढचं मला काकानं सांगितलं. बाबांना तुरुंगात काचबिंदू झाला होता, औषध कुणी दिलं नाही. सुटून आले तेव्हा उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं, नंतर तेही नाही. पत्रं त्यांनी पेद्रूकडून लिहून घेतली होती, ती कुठं अडकली देव जाणे. काकू त्यांच्याजवळ बसली. मग बाबांनी विचारलं, जावई आलेत का? काका पुढं झाला. बाबा म्हणाले, “तुमची पेटी आहे माझ्याकडे. पिक्चर त्यांनी जप्त केलं, पेटी ठेवली. रिकामीच आहे, पण घेऊन जा, तुम्हाला कचेरीत जाब द्यावा लागला असेल.” पुरात घर चिखलानं भरलं तेव्हा न रडलेला माझा काका तिथं त्या पेटीवर बसून रडला.

काका एकटाच परत आला, काकू आली नाही. तिनं पत्र लिहिलं, ते आईच्या नावे. बाबांना सोडून येववत नाही, थेटरचं सील निघालंय, मशीन गंजलंय पण मोडलेलं नाही. आईनं ते पत्र दोनदा वाचून घेतलं आणि काकाला म्हणाली की बायको जिथं तिथं संसार, नाहीतरी तुम्ही इथं कधी असता. मग त्यानं नोकरी सोडली. माझी परीक्षा झाल्यावर एप्रिलमध्ये मी त्याच्याबरोबर गोव्याला गेले. आईनं माझ्याबरोबर गोडा मसाला दिला होता आणि निरोप दिला होता की आता मासे खा म्हणावं पोटभर. काकूनं निरोप ऐकला, हसली आणि त्याच दिवशी बांगड्याची आमटी केली. मी वरणभात खाल्ला. तिला बोटं चाटून जेवताना मी प्रथमच पाहिलं आणि आमच्याकडे इतकी वर्षं ती अर्धपोटी उठत होती की काय, असं वाटून मला गलबलून आलं.

मे महिन्यात थेटर उघडलं. पेद्रूनं दाराला आंब्याची पानं बांधली. काकू दुपारपासून केबिनमध्ये होती, कपाळाला तेलाचा डाग. बाबांना आत दाराशी खुर्ची दिली होती आणि त्यांच्या शेजारी मला बसवलं होतं. मला वाटलं, पडद्यावर काय चाललंय ते मी त्यांना सांगायचं. मी तसं विचारलंही. ते म्हणाले, “पडद्यावरचं मला ऐकू येईल गो. तू थेटर सांग. कोण कोण आलंय ते सांग.”

मी तर कुणालाच ओळखत नव्हते. मग मी दिसेल तसं सांगत गेले. एक बाई, अबोलीचा गजरा, तीन मुलं. ते म्हणायचे, ती पिठाच्या गिरणीवाल्याची सून, मधला मुलगा लंगडतो ना? लंगडत होता. एक म्हातारा, गळ्यात क्रॉस, काखेत छत्री. तो पेटी वाजवणारा मास्तर. बाक भरत गेले आणि बाबांचा चेहरा बदलत गेला. माझ्या सांगण्यातून ते त्यांचं गाव एकेक माणूस करून परत मिळवत होते.

इतक्यात पेद्रू घाईघाईनं आला आणि बाबांच्या कानाशी वाकला. अधिकाऱ्याबरोबर जो दुभाषा यायचा, तो आला होता. गावातलाच माणूस, मराठी आणि कोकणी संवादांचं पोर्तुगीज करून सांगायचं काम त्याचं. कुठलं वाक्य कापायचं ते खरं तर तोच ठरवायचा, कारण साहेबाला एक अक्षर कळत नसे. बाबांच्या विरुद्ध जबानीही त्यानंच दिली होती. आता तो तिकीट काढून तिसऱ्या रांगेत कडेला बसला होता आणि त्याच्या आजूबाजूच्या जागा रिकाम्या राहत होत्या. पेद्रूनं विचारलं, हाकलून देऊ का. त्याच्या मुठी वळलेल्या मला दिसल्या. पुढच्या बाकांवरची माणसंही मागं वळून बाबांकडे पाहत होती.

बाबांनी मला विचारलं, कसा दिसतो आता? मी म्हणाले, म्हातारा झालाय, टोपी मांडीवर आहे, खाली मान घालून बसलाय. बाबांनी पेद्रूचा हात चाचपून धरला.

“बसू दे,” ते म्हणाले. “इतकी वर्षं बसला बिचारा, पण एक पिक्चर धड पुरं पाहिलं नाही त्यानं.”

पेद्रू गेला. वर केबिनमध्ये मशीन सुरू झालं, पडद्यावर उजेड पडला. अंधारात मला तिसऱ्या रांगेची कडा अंधूक दिसत होती. मध्यंतरातही तो जागचा उठला नाही. शेवटच्या चित्रापर्यंत बसून राहिला. मी बाबांना तेही सांगितलं.